काटा आधी, मासा शेवटी: घरचं भरीव माशाचं सूप

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्यात दर रविवारी मासळी आणता. सासऱ्यांना कवळी सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी भाज्या घालून माशाचं सूप करता, एका वाडग्यात जेवण व्हावं असं. पण सुपाला उग्र वास येतो, माशाचा भुगा होऊन काटे सगळीकडे पसरतात, आणि भाज्या एक तर टणक राहतात नाही तर त्यांचा गाळ होतो. सगळं एकत्र घालून कुकरला दोन शिट्ट्या काढता, असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ त्या दोन शिट्ट्यांत आहे.

मी रत्नागिरीची. मिरकरवाडा बंदराजवळ आमची खानावळ आहे, आणि त्याआधी आठ वर्षं मुंबईत एका हॉटेलच्या किचनमध्ये मासळीच्या बाजूला काम केलं. माशाचं सूप रोज लागायचं, म्हणून हे सगळं हातात बसलेलं आहे. माशाच्या डोक्याला आणि काट्याला उतरायला २०-२५ मिनिटं लागतात. मांसाला चार पुरतात. गाजर-बटाट्याला पंधरा-अठरा, पालकाला एक. ज्याची त्याची वेळ ज्याला त्याला दिली की सूप जमलं. कुकर सगळ्यांना एकच वेळ देतो, आणि ती कुणाचीच नसते.

आधी मासळीबद्दल, कारण निम्मं काम बाजारातच होतं. सुपाच्या पाण्यासाठी पांढऱ्या मांसाचा, कमी तेलाचा मासा हवा, आणि त्याचं डोकं मोठं हवं. तांबोशी, हेकरू, जिताडा, घोळ यांची डोकी उत्तम. रावसाचं डोकंही चालतं, थोडं तेल सुटतं ते पळीने वरचेवर काढून टाकायचं. बजेट कमी असेल तर ढोमे घ्या, त्यांचं पाणी गोड उतरतं. बांगडा, तारली, पेडवे सुपात नकोत. त्यांची चव त्यांच्या तेलात असते आणि ते तेल उकळत्या पाण्यात उतरलं की तोच वास येतो, जो तुम्हाला नको आहे. बांगड्याला तिरफळं घालून दाट तिखलंच करावं. पापलेट सुपासाठी आणू नका. महाग मासा, आणि काट्यातून फारसं काही निघत नाही. मोरी अजिबात नको. तिच्या अंगात युरिया असतो, त्यामुळे पाण्याला अमोनियासारखा दर्प येतो.

कोळीणमावशींना मासा कापायला देताना तिथेच उभ्या राहा आणि सांगा, "मावशी, डोकं मधून फोडून द्या, कल्ले सगळे काढा, मधला काटा आणि शेपटी टाकू नका, वेगळी बांधा." बरेच जण डोकं तिथेच सोडून येतात. सुपाची खरी चव त्या डोक्यात आहे. कल्ले मात्र एकही राहता कामा नये. त्यांत रक्त भरलेलं असतं, आणि एक कल्ला राहिला तरी अख्खा टोप कडवट होतो. मासा ताजा आहे का हे बघायला कल्ल्याचा रंग बघतात, ते ठीक, पण मी त्यापेक्षा बोटावर भरवसा ठेवते. पाठीवर बोट दाबा. खड्डा लगेच भरून आला तर मासा ताजा. डोळा वर आलेला आणि काचेसारखा असावा. आणि नाक जवळ नेल्यावर समुद्राचा वास यावा, मासळीचा नव्हे.

पुण्यातल्या माणसाने समुद्रावर अडून राहू नये, हेही सांगते. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि तेव्हा बाजारात येतो तो बहुतेक बर्फातला किंवा फ्रीजरमधला माल. त्या दिवसांत मी तरी समुद्राच्या माशाचं सूप करणार नाही. तुमच्याकडे उजनी धरणातली, गोड्या पाण्यातली मासळी येते. मरळ मिळाला तर तोच घ्या. काटे कमी, मांस घट्ट, आणि आजाऱ्याला द्यायची रीतच आहे. रोहू-कटलाची डोकी पाण्यासाठी छान, पण मांसात बारीक दुबेळकी काटे असतात, म्हणून सासऱ्यांच्या वाडग्यात ते मांस घालू नका. चिलापीला काटे कमी, पण कधी कधी मातीचा वास असतो. गोड्या पाण्यातल्या माशाचा हा मातकट वास आंबटाने मोडतो. तुकड्यांना चिंचेचा कोळ आणि हळद चोळून १५ मिनिटं ठेवा आणि धुवा, फरक लगेच कळेल.

आता वासाचं. समुद्राच्या माशाचा जो उग्र वास म्हणतो, तो मासा मेल्यावर अंगात तयार होणाऱ्या एका द्रव्याचा असतो. ते हवेत उडतं, म्हणून नाकाला जाणवतं. आंबट लागलं की ते बांधलं जातं आणि उडत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी माशाला कोकम, चिंच, लिंबू लावायची रीत पाडली ती चवीपुरती नव्हती. पण आंबटाने सगळं निभत नाही. वासाचं दुसरं घर म्हणजे रक्त. डोकं आणि मधला काटा घरी आणलात की तो उजेडात धरा. पाठीच्या काट्याला आतल्या बाजूने काळपट लाल रक्ताची रेघ चिकटलेली दिसेल, वर पातळ पापुद्रा असतो. चमच्याच्या टोकाने तो पापुद्रा फाडा आणि रक्त नळाखाली खरवडून काढा. डोक्याच्या आत, मानेच्या बाजूलाही गुठळ्या असतात. मग सगळं गार पाण्यात, त्यात मूठभर मीठ घालून २० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी लालसर होईल, ते ओतून द्या. आमच्या खानावळीत नवीन मुलगी कामाला आली की मी पहिले पंधरा दिवस तिला एवढंच शिकवते. बाकीचं हळूहळू येतं.

चार माणसांसाठी पाऊण किलो डोकं-काटे, पाऊण किलोला दीड लिटर पाणी. एक कांदा चार फाका करून, पाच-सहा लसणी ठेचून, बोटभर आलं, आठ-दहा मिरी, कोथिंबिरीच्या काड्या. गरम मसाला नको, मालवणी मसाला नको. आम्ही मसाल्याची माणसं, पण इथे तो माशाला झाकतो, आणि सासऱ्यांच्या हिरड्यांनाही झोंबेल. पाणी गारच घ्या आणि मंद आचेवर चढवा. गरम पाण्यात डोकं टाकलं की फेस पाण्यातच मिसळतो आणि पाणी गढूळ होतं. गार पाण्यातून हळूहळू तापलं तर पांढरा-करडा फेस वर येऊन कडेला साचतो, तो पळीने काढत राहायचा. पाच-सात मिनिटांत फेस थांबतो. त्यानंतरच कांदा, लसूण वगैरे घाला, नाही तर फेसाबरोबर तेही निघून जातं.

पहिल्या वर्षी हॉटेलात मी मटणाच्या हाडांसारखं माशाच्या काट्यांचं पाणी दोन तास उकळत ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं जेवढं जास्त उकळेल तेवढा कस उतरेल. झाकण काढलं तर पाणी पिठूळ, जिभेवर खडूसारखं, आणि मागून कडू. १५ लिटर पाणी ओतून द्यावं लागलं. बकऱ्याचं हाड जाड असतं, त्यातला चिकटपणा सुटायला तास लागतात. माशाचा काटा नाजूक असतो, त्यातलं जे द्यायचं ते तो २०-२५ मिनिटांत देऊन टाकतो. पुढे काटाच विरघळायला लागतो आणि पाणी बिघडतं. घोळीचं किंवा जिताड्याचं फार मोठं डोकं असेल तर अर्धा तास. त्यावर नाही.

झालं हे ओळखायला घड्याळ नसलं तरी चालेल. डोक्यातला डोळा पांढरा गोळा होऊन बाहेर आलेला असतो, आणि गालावर चमचा टेकवला की गालाचं मांस एका तुकड्यात सुटून येतं. पाण्याला किंचित गोडसर वास येतो, शहाळ्याच्या मलईसारखा. मग लगेच गाळा. चाळणीने गाळलंत तर बारीक काटे खाली उतरतील, म्हणून पातळ सुती कापड ओलं करून चाळणीवर टाका आणि त्यातून गाळा. दाबून पिळू नका. डोकं ताटात काढून कोमट होऊ द्या, त्याचं पुढे काम आहे.

घरात कोलंबी साफ केली असेल तर तिची डोकी आणि सालं टाकू नका. चमचाभर तेलात ती लाल होईपर्यंत परता आणि याच पाण्यात शेवटची १५ मिनिटं घाला. पाण्याला रंग येतो आणि गोडवा येतो. कुणाला कोलंबीची ॲलर्जी नाही ना, एवढं मात्र विचारून घ्या.

भाज्यांकडे येते. तुमच्या भाज्या टणक का राहिल्या? तुम्ही लिहिलंय की टोमॅटो सुरुवातीलाच घालता. बटाटा, गाजर, नवलकोल यांना मऊ व्हायला पाण्यात आंबटपणा नको असतो. आंबट पाण्यात बटाटा कितीही उकळला तरी त्याच्या कडा घट्ट राहतात. म्हणून टोमॅटो, कोकम, लिंबू, काहीही आंबट असेल ते कंद मऊ झाल्यावरच. खानावळीत मी हे पन्नास वेळा सांगितलंय आणि लोक तरी टोमॅटो आधी परततात, कारण भाजीची सवय.

टोपात दोन चमचे तेल घ्या, खोबरेल असेल तर उत्तम, नाही तर शेंगदाण्याचं. त्यात पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि चार लसणी बारीक चिरून परता, लाल करू नका. पाव चमचा हळद. एक मोठा बटाटा, एक गाजर, एक लहान नवलकोल, सगळं बोराएवढं चिरलेलं. त्यावर गाळलेलं पाणी ओता. दोन चमचे धुतलेला तांदूळही आत्ताच टाका. दाटपणा यायला कॉर्नफ्लोअर किंवा मैदा मी वापरत नाही, चव मरते. तांदूळ आणि लाल भोपळा मिळून सुपाला जी दाटी देतात ती पेजेसारखी असते, घशाखाली सहज उतरते.

दहा मिनिटांनी लाल भोपळा, पावशेरापेक्षा थोडा कमी, आणि आठ-दहा फरसबीच्या शेंगा अगदी बारीक चिरून. भोपळा अर्धा विरघळेल, विरघळू द्या. शेवगा घालायचा मोह होईल, कारण शेवगा आणि मासळीचं चांगलं जमतं. पण सासऱ्यांना शेंग चोखता येणार नाही. शेंगा वेगळ्या उकडून चमच्याने गर काढा आणि तो सुपात मिसळा. हा गर घातला की सुपाला जो भरीवपणा येतो तो मला दुसऱ्या कशानेच मिळालेला नाही. आमच्या घरी बाळंतिणीला मुडदुशांचं पातळ सार देतात, हलका मासा म्हणून. माझी आई त्यातही शेवग्याचा गर घालायची.

सात-आठ मिनिटांनी बटाट्याचा तुकडा चमच्याने दाबून बघा. सहज चिरडला तर आणि तरच दोन टोमॅटो, साल काढून चिरलेले, घाला. चार मिनिटं. मीठ आता. आधी घातलंत तर पाणी आटत जाईल तसं खारट होत जाईल.

हे सगळं होत असताना मासा काय करतोय? तो बाजूला थाळीत मीठ लावून ठेवलेला असायला हवा. ४०० ग्रॅम मांस, काटे काढून, दोन बोटं रुंद तुकडे. त्यांना अर्धा चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून १५ मिनिटं. मिठाने मांस घट्ट होतं, मोडत नाही, आणि शिजताना वर जो पांढरा चिकट साका येतो तो कमी येतो. जास्त वेळ लिंबात ठेवू नका, मांस कोरडं आणि रबरी होतं. घालायच्या आधी फडक्याने टिपून घ्या. मांसासाठी सुरमई छान, फक्त मधला काटा असतो, निवडायला सोपी. सुरमईचं पाणी मात्र तांबोशीसारखं निर्मळ उतरत नाही, म्हणून मी बऱ्याचदा पाणी एका माशाचं आणि मांस दुसऱ्याचं असं करते.

बोंबील मिळाले तर सासऱ्यांसाठी सुरमईपेक्षा तेच घ्या. बोंबलाचा मधला काटा मऊ असतो, तरी मी तो ओढून काढते. त्याला दोन मिनिटं बस्स. तिसऱ्या मिनिटाला तो सुपात हरवतो.

काटे काढणं डोळ्यांनी होत नाही. तुकडा उपड्या वाटीवर ताणून ठेवा म्हणजे तो फुगतो आणि काट्यांची टोकं वर येतात. बोट ओलं करून शेपटीकडून डोक्याकडे फिरवा, टोचेल तिथे चिमट्याने धरून काट्याच्या तिरक्या दिशेने ओढा. सरळ वर ओढलात तर मांस फाटतं. वयस्कर माणसाच्या वाडग्यासाठी मी हे दोनदा करते, एकदा कच्चं असताना आणि एकदा वाढताना चमच्याने मोडून. घशात काटा अडकला की भाताचा गोळा गिळायला सांगतात. त्या वयाच्या माणसाला तसं करू नका, अडकला असं वाटलं तर सरळ डॉक्टरकडे न्या.

आता शेवटची पाच मिनिटं, आणि इथेच बहुतेकांचं सूप बिघडतं. आच अगदी मंद करा. पाणी उसळत असेल तर मासा घालू नका. कडेला बारीक बुडबुडे येत राहतील एवढीच आच. तुकडे एकेक करून वरून सोडा, एकावर एक नको. आणि त्यानंतर पळी हातात घ्यायची नाही. ढवळायचं वाटलं तर टोप दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून गोल हलवा, आमच्याकडे कालवणालाही हेच करतात. चार मिनिटांनी गॅस बंद, झाकण, आणखी पाच मिनिटं. मासा आतल्या गरमीवर शिजून पूर्ण होतो. एक तुकडा काढून मधून उघडा. पाकळ्या सुटून यायला हव्यात, आणि मधोमध काचेसारखं काही दिसता कामा नये. तुम्ही ज्याला भुगा म्हणता, तो मासा जास्त शिजून त्याला धरून ठेवणारं सगळं वितळल्यामुळे होतो. त्याला कुठलाही मसाला वाचवू शकत नाही.

पालक किंवा चवळीची कोवळी पानं आवडत असतील तर चिरून झाकण टाकायच्या आधी. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग, भरपूर ताजी कुटलेली मिरी, कोथिंबीर. आंबट लागेल तेवढं आता बघा. लिंबाने रंग पिवळा राहतो. कोकम हवं असेल तर तीन आमसुलं अर्ध्या वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि ते पाणी घाला. रंग थोडा जांभळट होतो पण चव मला कोकमाचीच आवडते.

सूप आणखी पोटभरीचं करायचं असेल तर नारळाचं दूध घाला. गोव्यात कालदिन करतात, त्यात नारळाचं दूध, हळद आणि भाज्या अशीच सौम्य जोडी असते. अर्ध्या नारळाचं जाड दूध काढा आणि गॅस बंद केल्यावर, झाकण टाकायच्या आधी कडेने सोडा. उकळलं तर फाटतं. दूध घालणार असाल तर कोकम टाळा, लिंबाचे चार थेंब वाढताना. गाईचं दूध किंवा क्रीम माशात घालायला आमच्याकडे कुणी तयार होत नाही, आणि नारळ असताना गरजही पडत नाही.

आता ते बाजूला ठेवलेलं डोकं. हात धुऊन बसा आणि गालाचं मांस, मानेजवळचं मांस, कपाळावरचं मऊ सगळं बोटांनी सोडवून घ्या. चांगल्या डोक्यातून मोठी वाटीभर निघतं. हे मांस सगळ्या माशात मऊ असतं आणि त्यात काटा नसतो, हाडाचे चपटे तुकडे असतात ते हाताला लगेच लागतात. हे मांस सासऱ्यांच्या वाडग्यात घाला, त्यावर गरम सूप ओता. बरोबर तांदळाची मऊ भाकरी कुस्करून देता येईल. बाकीच्यांना पाव.

उरलं तर मासा आणि पाणी वेगळं करा. मासा घातलेलं सूप दुसऱ्या दिवशी उकळलं की पुन्हा तोच वास आणि तोच भुगा. म्हणून मी सुरुवातीलाच जास्तीचं गाळलेलं पाणी बाजूला काढते, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून पटकन थंड करते आणि फ्रीजमध्ये टाकते. दोन दिवस टिकतं. फ्रीजरमध्ये डब्यात भरून महिनाभर. पुढच्या रविवारी मासळी मिळाली नाही तर त्याच पाण्यात उकडा तांदूळ मऊसर शिजवा, वर मीठ, मिरी आणि तुपाची धार. सासऱ्यांना सकाळी द्या.